मेश्राम मॅडमचा बर्फ

आमच्या घरी बर्फ नव्हता. फ्रीजच नव्हता, तर बर्फ कुठला! बाबा कोराडीच्या वीजकेंद्रात कंत्राटावर कोळसा उतरवायचे, आई कॉलनीत धुणीभांडी करायची, आणि दोरीवरचे कपडे वाळेपर्यंत त्यांच्यावर राख बसायची. दहावीपुढे आमच्यात कोणी गेलं नव्हतं. मी कॉलेजात गेले तेव्हा भिवापूरचं एक स्थळ वाट पाहत होतं. बाबांनी सरळ सांगितलं, "पास होत गेली तं शिक. एकदा नापास झाली का मी त्याइले हो म्हणतो." महिन्यापूर्वी कॉलेजातल्या मेश्राम मॅडम गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कोराडीच्याच बसमध्ये होते. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं म्हणे... मला ऐकूच आलं नाही.

मॅडम आमचं भौतिक रसायनाचं प्रॅक्टिकल घ्यायच्या. एस्टर आणि ॲसिडचं मिश्रण ठेवायचं, थोड्या थोड्या वेळानं त्यातलं जरासं काढून बर्फात टाकायचं म्हणजे क्रिया मंदावते, मग ब्युरेटनं मोजायचं, आणि शेवटी क्रियेचा वेग काढायचा. विभागातला फ्रीज कायम बंद. म्हणून मॅडम हुडकेश्वरहून स्कूटीवर, पायाशी लाल थर्मास ठेवून, घरचा बर्फ आणायच्या. मार्चचं ऊन, बर्नर विझतात म्हणून पंखे बंद, आणि समोर तो बर्फ! एका पोरानं खडा उचलला, तर मॅडम ओरडल्या, "ठेव खाली! इथं तोंडात काही टाकायचं नाही. काही झालं तं तुझी माय मले विचारन."

त्या प्रयोगाच्या पहिल्याच दिवशी माझं उत्तर पुस्तकाच्या दुपटीहून जास्त आलं. बाकी सगळ्यांचं अगदी पुस्तकासारखं. शेजारची प्रीती हसली, "वा वं, तू तं नवीनच शोध लावून राहिली!" माझ्या डोळ्यांपुढे भिवापूर उभं राहिलं. मॅडमनी सगळ्यांच्या वह्या पाहिल्या आणि चष्मा काढला. "पुस्तकातलं उत्तर पंचवीस डिग्रीचं आहे. मार्चच्या दुपारी नागपुरात पंचवीस डिग्री कुठं दिसली गा तुमाले?" मग माझ्याकडे वळल्या. "तू काहून भेऊन राहिली वं? गरमीत क्रिया जोरात पळते. तुझं उत्तर या खोलीचं आहे. फक्त वर तापमान लिहीत जा." पुस्तकातून उतरवणाऱ्या सगळ्यांना पुन्हा करायला लावलं. शिव्या मात्र त्यांच्याकडून मला बसल्या.

शेवटच्या वर्षी परीक्षेत नेमका तोच प्रयोग निघाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं उत्तर पाहून पेन खाली ठेवलं. "हे चुकलंय. पुस्तकात किती आहे?" मी मॅडमकडे पाहिलं. त्या शेजारच्या टेबलावर बर्फ ओतत होत्या, मान वर केली नाही. बोलायला मीच होते. म्हटलं, "सर, पुस्तकातलं माहीत आहे. पण हे या खोलीतलं आहे. सदतीस डिग्रीचं. वर लिहिलंय." त्यांनी स्वतः थर्मामीटर हातात घेतला, पाऱ्याकडे पाहिलं, मग माझा आलेख मागितला. बिंदू रेषेवर बसले होते. "बरं," म्हणाले, आणि पुढे गेले. ते खरंच चूक समजले होते, की मला चाचपत होते, मला आजही ठाऊक नाही.

संध्याकाळी मॅडमनी मला व्हरांड्यात बोलावलं. थर्मासमधला उरलेला बर्फ माझ्या पाण्याच्या बाटलीत टाकला. "तीन वर्षं पाहून राहिली मी, कशी पाहतं तू त्या बर्फाकडं! घे. आता प्रयोगशाळेबाहेर आहो आपण." असं थंड पाणी... दात ठणकले, तरी मी बाटली संपवली.

परवा हुडकेश्वरला त्यांच्या घरी गेले. थर्मास ओट्यावर पालथा घातलेला होता. त्यांचे यजमान पाणी द्यायला फ्रीजकडे गेले. वरचं दार उघडलं, तर बर्फाचे सगळे ट्रे काठोकाठ भरलेले. मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं. "रोज झोपायच्या आधी मीच भरत होतो," ते म्हणाले. "अजूनही भरून राहिलो. घेऊन जाणारी नाही तं काय करू..." मग थर्मास उचलून माझ्या हातात दिला. "तुझ्याकडे पोरं आहेत ना प्रॅक्टिकलले?"

आहेत. बाबांनी भिवापूरला नाही कळवलं. मी बी.एस्सी. झाले, मग एम.एस्सी., आमच्या घरातली पहिली, आणि आज कॉलेजात भौतिक रसायनाचं प्रॅक्टिकल घेते.