मोटारी भरणारे पदवीधर

पोलीस सेवा सोडून मी आता संशोधनाकडे वळले आहे. तरीही नेवासा तालुक्यातील ते प्रकरण आठवले की आजही मी थक्क होते.

त्या काळात नदीकाठच्या विहिरींवरून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. एके दुपारी खबऱ्याचा फोन आला. "मॅडम, तालुक्याला एका गाळ्यात लई मोटारी हायेत. शिकलेली रिकामी पोरं शटर ओढून बसत्यात."

पंचांसह आम्ही छापा घातला. आत काही पदवीधर मुले-मुली होती आणि भिंतीलगत मोटारींची रांग. गाळा ज्याने भाड्याने घेतला होता, त्या बी.एस्सी. झालेल्या तरुणाला ठाण्यात आणले. त्याची सरकारी नोकरीसाठी निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणी आमच्याकडेच प्रलंबित होती. गुन्हा नोंदवला असता तर ती नोकरी गेली असती.

"दुरुस्तीला आल्यात," एवढेच तो म्हणे.

"मालक कोण?"

"न्हाई सांगता येत, मॅडम."

हवालदार म्हणाले, "कालिजात हेच शिकवलं का रं, तोंड शिवून बसायला?"

जप्त केलेली एक मोटार मी उघडायला लावली. चोर मोटार फोडतो ती आतल्या तांब्याच्या तारेसाठी. इथे उलट जळालेली तार काढून नवी भरलेली होती, वॉर्निश अजून ओले. दुसरीही तशीच. एवढ्याने निर्दोषत्व सिद्ध होत नव्हते, पण माझा प्रश्न बदलला.

"तू लपतोस कोणापासून?"

"गावापासून. घरच्यांनी सांगितलंय, पोरगं अभ्यासिकेत बसतं. मोटारी आमच्याच गावच्या, वडील आनून देतात. मालकांना वाटतं, कुनी मिस्त्री भरतो. डिग्री घेऊन वायंडिंग करतो कळलं, तर लोक आईला टोमने मारतील."

वडिलांना बोलावले. सगळे ऐकून ते म्हणाले, "हासू दे लोकांना. म्या आनतो मालक."

संध्याकाळपर्यंत शेतकऱ्यांनी आपापली मोटार ओळखली. एक आजोबा त्या तरुणावर डाफरले, "आरं, तू भरतो व्हय? मग आधी सांगायचं! माझी दुसरी बी पडलीय घरी."

जबाबांतून गाळ्याचा नियम कळला. नोकरी लागली की जाण्याआधी एका बेकार पदवीधराला काम शिकवायचे. वस्तीच्या पाणीयोजनेची मोटार जळाली, तर ती सर्वांनी मिळून फुकट भरायची. हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. कोणत्याही योजनेचा आधार नव्हता.

'गुन्हा दाखल नाही' असा पडताळणी अहवाल मी पाठवला. तरुणाला कळवले, तेव्हा त्याने विचारले, "रुजू व्हायला थोडी मुदत मिळंल का, मॅडम? एक बी.ए. झालेली ताई नवीन आलीय. तिचा हात अजून बसला न्हाई."

बेकार तरुणांचा घोळका म्हणजे संशयाची जागा, असे ठाण्यात गृहीत धरले जाते. त्यानंतर अशी खबर आली की मी आधी विचारत असे : ते तिथे काय करतात, आणि कोणासाठी?