टिश्यूचं पाकीट आणि हर्षाची खोली

लीलाबाई साळवे १९९४ साली तीन वर्षांच्या हर्षाला कडेवर घेऊन सिंगापूरच्या टॅम्पिनीस भागात राहायला आल्या, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातून एक आगळीक होता होता राहिली. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या सार्वजनिक मंडपात, दुपारची गर्दी होती. एका रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं छोटं पाकीट पडलं होतं. कुणीतरी विसरलं असेल असं वाटून त्यांनी ते उचललं आणि ताटल्या गोळा करणाऱ्या आजींकडे द्यायला निघाल्या. नवऱ्याने, बाबूरावांनी, त्यांचा दंड धरला.

"ठेव ते जागेवर. विसरलेलं नाही ते. टेबल धरलंय कुणीतरी."

"पाकिटाने?"

"पाकिटाने. इथे याला चोप करणं म्हणतात."

लीलाबाईंनी पाकीट होतं तसं ठेवलं आणि लांब उभं राहून पाहिलं. पाच मिनिटांनी दोन मुली ट्रे घेऊन आल्या, पाकीट खिशात घातलं आणि जेवायला बसल्या. मधल्या वेळात टेबलाकडे कुणी वळूनही पाहिलं नव्हतं. भुसावळला रेल्वेच्या डब्यात रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून डोकी फुटलेली लीलाबाईंनी पाहिली होती. त्या दिवशी हे शहर त्यांना आवडलं. पुढे त्यांच्या पर्समध्ये टिश्यूची पाकिटं कधी कमी पडली नाहीत.

त्यांना वस्तू जागेवर लागायच्या. हर्षा शाळेत रुळल्यावर त्यांनी टॅम्पिनीसच्या वाचनालयात अर्धवेळ काम धरलं, परत आलेली पुस्तकं कपाटात लावायचं. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, असं त्या म्हणायच्या. घरीही तसंच. बाबूराव शिपयार्डातून आले की चष्मा कुठे, किल्ली कुठे, हे ठरलेलं. आणि हर्षाची खोली हर्षाची. समुद्री शेवाळावर पीएच.डी. करायला ती २०१३ साली आयर्लंडमध्ये गॉलवेला गेली, तेव्हापासून त्या खोलीत काही हललं नव्हतं. टेबलावर शंखांच्या बरण्या, दाराशी बूट, पलंगावर दर महिन्याला बदललेली चादर.

२०१७च्या एप्रिलमध्ये विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर मेधाताईंनी त्यांना गाठलं. "नांदेडची एक मुलगी आलीय, निशिगंधा. रिसर्चला. एजंट भाड्याचे आकडे सांगतो ते ऐकून रडकुंडीला आलीय. तुमच्याकडे एक खोली रिकामीच आहे ना?"

"रिकामी नाही," लीलाबाई म्हणाल्या. "हर्षाची आहे."

"हर्षा तिकडे आहे ना?"

"येईल ती."

मेधाताईंनी वाद घातला नाही. मे महिन्यात त्यांनीच एक बातमी आणली. इथल्या एका पॉलिटेक्निकमध्ये समुद्री जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. लीलाबाईंनी वाचनालयात अर्ज छापून घेतला. पाठपोट छापायचं राहिलं, त्यामुळे तीन कागद झाले. शेवटची तारीख जूनमधल्या एका शुक्रवारी होती, आणि त्याच आठवड्यात दोघं लेकीकडे जायची होती. हा योग लीलाबाईंना शुभशकुनासारखा वाटला. हर्षाला तिकडेच नोकरी लागल्याचं फोनवर कळलं होतं. पण फोनवर कळलेली गोष्ट त्यांच्या लेखी अजून पक्की नव्हती. समोर बसून बोलावं, कागद पुढे ठेवावा, लेक सही करील. अर्ज चार घड्या घालून टिश्यूच्या पाकिटांमध्ये पर्समध्ये गेला. बाबूरावांना त्यांनी सांगितलं नाही, कारण बाबूरावांच्या पोटात काही राहत नसे.

डब्लिनहून बसने गॉलवेला उतरले तेव्हा बाबूरावांनी दोन्ही हात पसरून वारा अंगावर घेतला. "सगळ्या गावाला एसी लावलाय. बिल कोण भरतं?"

"गव्हर्नमेंट, पप्पा," हर्षा म्हणाली आणि दोघांच्या मध्ये शिरून दोघांना एकदमच मिठी मारली. केस कापले होते. हात खरखरीत झाले होते. लीलाबाईंनी ते हात उलटेपालटे करून पाहिले.

"काय गं हे?"

"समुद्राचं पाणी. थंड असतं. It's okay lah, आई."

आठवडा तिने आखून ठेवला होता. सोमवारी समुद्रावरचे मोहरचे उंच कडे पाहायला गेले, तर धुकं इतकं की समोरचा समुद्र फक्त ऐकू आला. कठड्यापाशी तिघंच उभी होती. बोलायला जागा चांगली होती. लीलाबाईंनी पर्सची चेन उघडलीसुद्धा, तेवढ्यात बाबूराव म्हणाले, "एवढं तिकीट काढून धुकं बघितलं. हे तर आपल्या स्वयंपाकघरात कुकर उघडला की दिसतं." हर्षा हसत सुटली आणि विषय निघायचा राहिला.

मंगळवारी सॉल्टहिलच्या किनाऱ्यावर फिरायला गेले. समुद्राच्या कडेने लांब रस्ता होता आणि तो एका भिंतीशी संपत होता. चालत आलेला प्रत्येक जण, म्हातारा असो की बाबागाडी ढकलणारी बाई, त्या भिंतीला बुटाचं टोक मारायचा आणि मगच माघारी वळायचा. हर्षानेही मारलं, बोलता बोलता, दारावरची बेल दाबावी तसं.

"भिंतीला लाथ कशाला?" लीलाबाई थांबल्या.

"कारण कुणालाच माहीत नाही. मारतात. नाहीतर फेरी पुरी होत नाही."

"भिंतीनं काय केलंय बिचारीनं," त्या म्हणाल्या आणि तशाच माघारी फिरल्या. अर्जाचा शब्द ओठांवर आला होता, पण लेकीचा बूट त्या भिंतीवर इतक्या सवयीने टेकला होता की तो शब्द त्यांनी गिळला.

बुधवारी कनेमाराला गेले. काळी तळी, दगडी कुंपणं, पाठीवर निळ्या रंगाचे ठिपके मारलेल्या मेंढ्या. बाबूराव प्रत्येक गोष्टीचा फोटो काढत होते. लीलाबाई मात्र दिवस मोजत होत्या. सिंगापूरची शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे इथली शुक्रवारची सकाळ. उरला होता फक्त गुरुवार.

गुरुवारी बोटीने अॅरनच्या मोठ्या बेटावर गेले. ओहोटी होती. हर्षा खडकांत उतरली, आईला हात देऊन उतरवलं, आणि एकेक शेवाळ उचलून दाखवू लागली. हे चामड्याच्या पट्ट्यासारखं, हे फुगे असलेलं, हे खाण्याचं. खडकाखाली बोटभर खेकडा होता. हर्षाने दगड हळूच पुन्हा तसाच टेकवला.

"दगड परत जागेवर ठेवायचा," ती म्हणाली. "कुणी शिकवलं, आठवतं?"

लीलाबाईंना आठवलं. टॅम्पिनीसजवळचा पासिर रिसचा किनारा, रविवारची सकाळ, ओहोटीचं वेळापत्रक वाचनालयातून उतरवून आणलेलं. सहा वर्षांची हर्षा लाल बादली घेऊन चिखलात बसलेली, आणि त्या स्वतः साडी खोचून तिला सांगताहेत, बघून झालं की दगड परत ठेव, ते त्याचं घर आहे. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, पोरीला समुद्राचं वेड कुठून लागलं कोण जाणे.

मग पाऊस आला आणि सगळे धक्क्याजवळच्या छोट्या उपाहारगृहात घुसले. बोटीची वाट पाहणारी सगळी गर्दी तिथेच होती. खिडकीजवळ एकच टेबल मोकळं होतं. लीलाबाई पुढे झाल्या, त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि निर्धास्तपणे रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

सूपचे वाडगे घेऊन तिघं परतली तेव्हा टेबलाशी एक म्हातारा नि म्हातारी बसली होती. म्हाताऱ्याने पाकीट वर धरलं होतं आणि भोवतालच्यांना विचारत होता, हे कुणी विसरलंय का?

"ते माझं आहे," लीलाबाई इंग्रजीत म्हणाल्या. "आणि टेबलही."

म्हाताऱ्याने पाकीट अदबीने त्यांच्या हाती दिलं आणि बसूनच राहिला. टेबलाचं काय म्हणताहेत, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. लीलाबाई वाडगा धरून उभ्या. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बाबूराव मराठीत पुटपुटले, "आता बोलव तुझ्या टॅम्पिनीसच्या नगरसेवकाला."

हर्षाने हसू आवरून त्या दोघांना सगळं समजावलं. मध्येच ती त्यांच्या आयरिश भाषेतले दोन-चार शब्द बोलली, तसा म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. म्हातारी तर टेबलावर हात आपटून हसली. "म्हणजे कागदाचं पाकीट ठेवायचं आणि कुणी बसत नाही? सगळ्या देशात?" मग ती सरकली, नवऱ्याला सरकवलं, शेजारून खुर्च्या ओढल्या आणि पाचही जण त्या टेबलाशी बसले. कोपराला कोपर लागत होतं, पण बसले.

तिचं नाव नोरा होतं. राहायची याच बेटावर. लीलाबाईंनी विचारलं, मुलं किती?

"तीन. एक पर्थला, एक बॉस्टनला, एक डब्लिनला. सगळ्यात लांब डब्लिनचा. तो कधीच येत नाही."

"आणि त्यांच्या खोल्या?" हा प्रश्न आपण का विचारला, ते लीलाबाईंनाही कळलं नाही.

"उन्हाळ्यात प्रवाशांना देते. पहिली दोन वर्षं बंद ठेवल्या होत्या, थोरल्यासाठी. तो आला नाताळात, तर गादीला ओल आणि भिंतीवर बुरशी. म्हणाला, आई, मला या खोलीत झोप येत नाही, मी सोफ्यावर झोपतो." नोराने सूपमध्ये पाव बुडवला. "खोलीत कुणी श्वास घेणारं लागतं. मग ती टिकते. आता तो येतो तेव्हा पाहुण्यांना सांगते, चार दिवस दुसरीकडे जा."

हर्षाच्या दाराशी ठेवलेले बूट लीलाबाईंना आठवले. दर महिन्याला त्या त्यांवरची हिरवी बुरशी पुसत होत्या आणि टॅम्पिनीसच्या दमट हवेला बोल लावत होत्या.

बोट लागली. निघताना नोराने टिश्यूचं पाकीट मागून घेतलं. "रविवारी चर्चमध्ये बाकावर ठेवून बघते. आमच्या बाकावर ती ब्रीजिड येऊन बसते दर वेळी."

त्या दिवशी जेवणं झाल्यावरही खिडकीत लख्ख ऊन होतं. जूनमध्ये तिथे दहापर्यंत सूर्य असतो. लीलाबाईंनी पर्स उघडली, अर्ज काढला आणि घड्या सरळ करून हर्षापुढे ठेवला. तिन्ही कागदांच्या कोऱ्या पाठींवर बाबूरावांच्या अक्षरात बसच्या वेळा होत्या, मेंढ्यांविषयी एक टीप होती, आणि 'सोमवार: धुकं. मंगळवार: भिंत' असं लिहिलं होतं.

"अहो, हे काय?"

"कोरा दिसला. तुझ्या पर्समध्ये पेनाशेजारीच होता."

"पलटून बघितला नाहीत?"

"बघितला की," बाबूराव म्हणाले. "म्हणूनच मागच्या बाजूला लिहिलं."

लीलाबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणजे या माणसाच्या पोटात चार दिवस राहिलं होतं.

हर्षाने कागद उलटला नाही. "उद्या सकाळी दहाला बंद होईल तो, आपल्या इथल्या वेळेने. मेधामावशींनी मलाही पाठवला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले. कड्यावर वाटलं, आता काढशील. भिंतीपाशी वाटलं." ती जमिनीवर येऊन आईच्या गुडघ्याला टेकून बसली. "मला इथलं काम आवडतं. नाही कसं म्हणू, ते कळत नव्हतं."

खाली रस्त्यावरून कुणीतरी शीळ घालत गेलं. लीलाबाईंनी लेकीच्या आखूड केसांवरून हात फिरवला. केसांना शेवाळाचा वास होता, पासिर रिसहून बसने परतताना यायचा तसाच.

"म्हटलंस की आता," त्या म्हणाल्या. आणि तिचा खरखरीत हात हातात घेऊन, "पण थंडीत हातांना काहीतरी लाव. खोबरेल आणलंय मी."

हर्षाने मान हलवली. बाबूरावांनी अर्जाचे कागद उचलले, नीट घडी घातली आणि खिशात ठेवले. उद्याच्या बसची वेळ त्यांवरच होती.

शनिवारी सकाळी, विमानाला निघण्याआधी, तिघं पुन्हा सॉल्टहिलला गेले. भिंतीपाशी पोचल्यावर लीलाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं, साडी किंचित उचलली आणि कॅनव्हासच्या बुटाचं टोक भिंतीला हळूच लावलं. मग बोटांनी भिंतीला स्पर्श करून हात छातीशी नेला, पाय लागला म्हणून. हर्षाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

टॅम्पिनीसला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी हर्षाच्या खोलीच्या खिडक्या उघडल्या. बूट धुऊन उन्हात ठेवले. कपाटातले अर्धे खण मोकळे केले, उरलेल्या अर्ध्यांत हर्षाचे कपडे नीट लावले. शंखांच्या बरण्या पुसून होत्या तिथेच ठेवल्या. मग मेधाताईंकडून नंबर घेऊन फोन लावला.

"जयभीम काकू," पलीकडून जरा घाबरा आवाज आला. निशिगंधा पाया लेबार भागात एका खोलीत तिघींबरोबर राहत होती आणि तिचा पलंग दाराच्या तोंडाशी होता.

"सामान किती आहे?"

"दोन बॅगा, काकू."

"मग रविवारी ये. वंदनेनंतर तशीच ये. जेवायलाच ये."

ती आली. संध्याकाळी हर्षाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा पलंगावर एक अनोळखी मुलगी पुस्तकं मांडत होती. "हाय," हर्षा म्हणाली. "खिडकीजवळचा सॉकेट ढिला आहे हं, वायर जरा तिरकी लाव. आई, मी डिसेंबरमध्ये आले तर?"

"तर तिघी झोपू. तू मध्ये."

"Can," हर्षा सिंगापुरी थाटात म्हणाली, आणि मग तिला आठवलं. नमुने घ्यायला ती पुन्हा बेटावर गेली होती तेव्हा नोरा भेटली होती. नोराने सांगितल्याप्रमाणे बाकावर पाकीट ठेवलं होतं. प्रार्थना संपल्यावर फादरनी ते सगळ्यांसमोर उंच धरून विचारलं, हे कुणाचं विसरलं?

"मग?" लीलाबाईंनी विचारलं.

"मग काही नाही. ब्रीजिडने सांगितलं, नोराचं आहे. आता दोघींनी त्याच बाकावर शेजारी बसायचं ठरवलंय."

लीलाबाई हसल्या आणि फोन निशिगंधाच्या हाती देऊन भाताला फोडणी द्यायला उठल्या. आज तिघांचा भात होता.