दत्तोबाच्या न निघालेल्या तबकड्या

दत्तोबा गेल्याचं मला येडशीच्या स्टेशनवर कळलं. कुर्डुवाडीकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत मी बाकावर बसलो होतो. तिकिटं देणारे गृहस्थ खिडकीतून वाकून म्हणाले, "मास्तर, तुमचा गोंधळी गेला म्हणं सकाळी." तुमचा, असं ते म्हणाले... आणि ते खरंच होतं. पन्नास वर्षं तो माझा होता. एका गावात वाढलो, एका ओढ्यात पोहलो. पुढं मी मास्तर झालो आणि तो मुलखात नाव असलेला गोंधळी झाला. गाडी आली तशी गेली. मी तिच्यात चढलो नाही. सरळ गावाची वाट धरली आणि खांदा द्यायला पोचलो. त्या दिवशी मला फक्त दुःख झालं होतं. किळस नंतर आली, तीन आठवड्यांनी, धाराशिवला वाचनालयात शोकसभा झाली तेव्हा.

सभेत चार वक्ते बोलले. प्रत्येकानं एकच रडगाणं लावलं, की एवढा मोठा गळा आणि एक तबकडी निघाली नाही, रेडिओवर एकदा लागला नाही. मुंबईवाल्यांनी मराठवाड्याच्या माणसाला उभं केलं नाही, रेडिओवाल्यांनी देवीचं नाव गाळायला सांगितलं म्हणून हा बाणेदार माणूस उठून आला, वगैरे. लोक माना हलवत होते. मग माझं नाव पुकारलं. मी उठलो, आणि मीही तेच बोललो. अन्याय झाला, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. खाली बसताना माझी नजर मागच्या भिंतीकडं गेली. तिथं सोपान उभा होता. दत्तोबाचा मावसभाऊ, सत्तावीस वर्षं त्याच्यामागं झील धरणारा. तो माझ्याकडं बघत होता आणि माझं बोलणं त्याला पटल्यासारखी त्याची मान हलत होती. तेव्हा आलेली किळस अजून गेलेली नाही. म्हणून हे लिहितो आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी चांगलं बोलून बघितलं, त्याची चव तोंडात अजून आहे.

गोंधळ ज्यांनी बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुख्य गोंधळी पुढं उभा राहून कथा लावतो, नाचतो, हसवतो. त्याच्यामागं तुणतुणं घेऊन उभा असतो तो झीलकरी. पुढच्यानं ओळ टाकली की मागच्यानं ती उचलायची, लांबवायची, आणि पुढच्याला श्वास घेऊ द्यायचा. दत्तोबा पुढचा होता आणि त्या जागेचा राजा होता. उंच, नाक धारदार, कवड्यांची माळ छातीवर आपटायची. संबळ वाजू लागला आणि त्यानं एक गिरकी घेतली की बायका डोळ्याला पदर लावायच्या. मी खोटं सांगत नाही, मीही रडलो आहे. सोपान बुटका, तोंडावर देवीचे वण, गाताना डोळे मिटणारा. त्याच्याकडं कुणी बघत नसे. आणि बघत नसल्यामुळं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं की आपल्याला रडवणारा आवाज नक्की कुठून येतो.

निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. तुळजापूरला नवरात्रात मुंबईच्या एका तबकडी कंपनीचा माणूस आला, त्यानं गोंधळ ऐकला आणि दोघांना बोलावलं. पत्रव्यवहार करायला आणि वाट दाखवायला मी सोबत गेलो. कंपनीची खोली सगळीकडून गाद्यांनी मढवलेली, मधे एक मायक्रोफोन. काचेपलीकडं बसलेला माणूस सारखा हात वर करून थांबवायचा. सोपानला दोन पावलं मागं जायला सांगितलं, मग आणखी दोन, शेवटी तो पार दाराला टेकला. मग घेतलेलं वाजवून दाखवायला त्यांनी दत्तोबाला आणि मला काचेपलीकडं बोलावलं, सोपान बाहेरच राहिला. यंत्राला डोळे नसतात. त्याला गिरकी दिसत नाही, कवड्या दिसत नाहीत. त्या यंत्रातून दत्तोबाचा आवाज आला तो कोरडा, जागोजागी फुटलेला, आणि त्याच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी लांबून, दारापासून, दुसरा एक आवाज उठायचा आणि सगळं उचलून न्यायचा. काचेमागचा माणूस सहज म्हणाला, त्या मागच्यांना पुढं घेऊ या का, तेच मुख्य गाऊ देत. दत्तोबा उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाला की घसा बसलाय, तसं कंपनीला लिहून दे. मी लिहून दिलं. गाडीत सोपान त्याला सारखा गरम पाणी आणून देत होता, आणि घसा ठणठणीत असलेला दत्तोबा ते पीत होता.

दोन-तीन वर्षांनी रेडिओचं बोलावणं आलं. या खेपेला दत्तोबानं सोपानला नेलं नाही. सोपानच्या बायकोचं बाळंतपण आहे असं सांगून दुसरा झीलकरी घेतला. बाळंतपणाला अजून तीन महिने होते. मी सोबत होतोच. अर्धा तास गायचं होतं. दहा मिनिटांत दत्तोबाची दमछाक झाली. तो ओळ टाकायचा आणि मागं वळून बघायचा, आणि मागून येणारा आवाज त्याला पुरत नसे. केंद्रातली माणसं सभ्य होती. पाणी दिलं, पुन्हा घेऊ म्हणाली. पण तो बाहेर आला आणि हे लावायचं नाही असं सांगून टाकलं. देवीचं नाव गाळायची गोष्ट त्यानं परतीच्या वाटेवर, माझ्यासमोर, बसल्या बसल्या रचली. गावात पोचेपर्यंत ती पक्की झाली होती. लोकांनी पारावर त्याचा सत्कार केला. सोपाननं त्याला हार घातला. मी तिथं होतो आणि मला सगळं माहीत होतं... आणि मी नारळ धरून उभा होतो.

तिसरी गोष्ट सांगायला सगळ्यात जड जाते. ढोकीला साखर कारखान्यात एक तरुण इंजिनिअर आला होता. गाण्याचं वेड, आणि घरी चकत्यांवर फीत फिरणारं टेप यंत्र. क्वार्टरला वीज होतीच. त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खा गोंधळ उतरवून घ्यायचा होता. दत्तोबाचं वय झालं होतं, दम लागायचा, पोरं गोंधळ शिकायला तयार नव्हती. तो हो म्हणाला, सोपानसकट. अकरा रविवार आम्ही दुपारच्या गाडीनं ढोकीला जात होतो. त्या अकरा दुपारी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी होत्या हे मी आजही नाकारत नाही. माणसं समोर नव्हती, नाचायचं नव्हतं, दोघं सतरंजीवर बसून गात होते. मला वाटलं, दत्तोबानं आता मान्य केलं आहे.

शेवटच्या रविवारी इंजिनिअरनं पहिली फीत लावून ऐकवली. सोपाननं आपला आवाज जन्मात पहिल्यांदाच ऐकला. तो डोळे मिटून बसला, मग हळूच उघडले, आणि यंत्राकडं बघत म्हणाला, "हे कोण गातंय? लई चांगलं गातंय."

इंजिनिअरनं दत्तोबाकडं बघितलं. मग दत्तोबा म्हणाला, "कोण म्हंजे? मीच की."

"म्हनलंच," सोपान म्हणाला आणि खुशीत हसला.

इंजिनिअरनं खाली बघितलं. मीही खाली बघितलं. एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते बोलायला मी सोडून तिथं कुणी नव्हतं. इंजिनिअर परका होता, मी घरचा होतो. मी सतरंजीच्या पट्ट्या मोजत बसलो.

निघताना दत्तोबानं सगळ्या चकत्या मागून घेतल्या. देवीपुढं ठेवून पुढच्या रविवारी परत आणतो म्हणाला, आणि त्या भल्या माणसानं दिल्या. पुढचा रविवार गेला, त्याच्या पुढचाही गेला. महिन्यानं मी गावापासून लांब असलेल्या दत्तोबाच्या रानात गेलो. हुरड्याला आलेली ज्वारी होती. कणसांवरून, बांधाच्या काठ्यांवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी फिती ताणून बांधल्या होत्या. वाऱ्यावर त्या फडफडत होत्या, उन्हात चमकत होत्या, आणि एक बारीक घूं असा आवाज येत होता. अकरा रविवार रानात टांगले होते. मी बांधावर बसलो. मी विचारलं, हे काय केलंस. तो गोफण हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "पाखरं लई झालीत औंदा."

एवढंच. शरम नव्हती, रागही नव्हता. मी इंजिनिअरला कळवलं की घर गळलं, टेपा भिजल्या; सोपानलाही तेच सांगितलं. इंजिनिअरनं उलट टपाली मलाच धीर दिला.

लोक विचारतील की मग तू त्याचा मित्र कसा राहिलास. राहिलो. तो माझ्या आईच्या आजारपणात आठ दिवस आमच्या उंबऱ्यावर बसून होता, हेही त्याच माणसानं केलं. दुष्ट माणसाचा तिटकारा करणं सोपं असतं. दत्तोबा दुष्ट नव्हता. त्याच्याकडं एकच वस्तू होती, पुढची जागा, आणि ती राखायला त्यानं भावाचा गळा पुरला. मी दर वेळी त्याला फावडं दिलं. त्याची शिसारी येते म्हणताना माझीही येते, आणि त्या शोकसभेतल्या टाळ्यांची सगळ्यात जास्त.

सभेनंतर मी आणि सोपान एकाच मोटारीनं परत निघालो. उतरून गावाकडं चालताना त्यानं सहज विचारलं, मास्तर, त्या ढोकीच्या टेपा भिजल्या नसत्या तर आज दादाचा आवाज राहिला असता, न्हाय का. मी थांबलो. वीस वर्षांत तीन वेळा गिळलेलं वाक्य तोंडात आलं, आणि बोललो. टेपा भिजल्या नव्हत्या, दादानं त्या पाखरं हाकायला रानात बांधल्या. आणि त्या दिवशी यंत्रातून जो आवाज आला तो दादाचा नव्हता, तुझा होता. मुंबईतही तुझाच होता.

तोही थांबला. मला वाटलं, आता शिव्या देईल, दत्तोबाला किंवा मला. मी तयार होतो.

"मग म्या बरा गात व्हतो म्हना की," तो म्हणाला. आणि चालू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दत्तोबाच्या बायकोला, अनुसयावहिनींना, पायलीभर ज्वारी द्यायला निघाला होता. मी सोबत गेलो. वहिनींनी चहा टाकला. दोघं तालमीला बसायचे ती बाहेरची खोली तशीच होती. सोपान आत शिरला आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यात, मागं, भिंतीला पाठ लावून बसला. मी म्हणालो, सोपान, पुढं बस, आज तू गा. तो सरकला नाही. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, भावजी, म्हना की कायतरी, लई दीस झालं घर गप हाय.

त्यानं डोळे मिटले आणि झील लावली. नुसतीच झील. तिच्या आधीची ओळ त्यानं म्हटली नाही. आवाज उठला, खोली भरली, खाली आला आणि थांबला. मग तो गप्प बसून राहिला, मान किंचित हलत होती, बोट गुडघ्यावर ताल धरत होतं. एक अख्खं कडवं जाईल एवढा वेळ त्यानं मोकळा सोडला, त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेसाठी. ते कडवं संपलं तसा त्यानं पुन्हा झील उचलली.