समोर बसलेली पोर

शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या आमच्या भाड्याच्या घरात बाबा पाच महिने राहिले. त्यातला पूर्ण दिवस मी त्यांना द्यायचा ठरवला तो एकच, परतीच्या आदल्या दिवशीचा रविवार. डॉट-कॉमचा फुगा फुटल्यानंतरचं ते वर्ष. ऑफिसातली माणसं कमी केल्यापासून तिघांचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात होतं, व्हिसाची टांगती तलवार वेगळीच. मी कायम वैतागलेला असायचो आणि बाबांना ते दिसायचं.

बाबा तालुक्याच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. जोडीला गेलेल्या माणसांची तैलचित्रं काढून द्यायचे, पासपोर्टच्या फोटोवरून. "माझं गिऱ्हाईक कधी हललं नाही," असं स्वतःच सांगून हसायचे.

शिकागोच्या म्युझियममध्ये ते बाकी सगळं सोडून एका चित्रापुढे अडकले. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची, कुठल्याशा व्यापाऱ्याची चारेक वर्षांची मुलगी. कडक झगा, हातात सफरचंद आणि चेहरा मामलेदाराचा.

"डोकं मोठं झालंय. हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा," बाबा म्हणाले. "शंभरात पस्तीस."

"बाबा, चला ना. मला घरी जाऊन लॉगिन करायचंय."

"थांब रे. तिचा बूट बघ." झग्याखालून एक बूट तिरका बाहेर आला होता. "कंटाळलीये ती. उठायला बघतेय. म्हणजे पोर खरंच या चित्रकाराच्या समोर बसली होती."

"मी आयुष्यात एकही जिवंत माणूस रंगवला नाही," ते म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, म्हणून मला ते जास्तच लागलं.

घरी आल्या आल्या त्यांनी नातीला खुर्चीत बसवलं आणि पेन्सिल घेतली. रंग गावी जाऊन भरता आले असते, बघून घ्यायचं होतं ते इथेच. तीन मिनिटांत, "आजोबा, कॅन आय गो नाऊ?" पाचव्या मिनिटाला ती टीव्हीपुढे.

मी म्हणालो, "तिचा फोटो घेऊन जा की." बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जीभ चावली.

"तू बस," ते म्हणाले.

मी बसलो. त्यांनी मला इतकं निरखून कधी पाहिल्याचं आठवत नाही. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पिकलेले कल्ले, सगळं ते सावकाश बघत होते. खरं सांगतो, मला रडू यायला लागलं होतं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. "दोनच मिनिटं, बाबा," म्हणून उठलो.

सव्वा तासाने आलो तेव्हा ते बॅग भरत होते. वहीत माझा कान होता, जबड्याची रेघ आणि एक डोळा. परत बसतो, असं म्हणायला हवं होतं. पण मी इतका दमलो होतो की ते बॅग भरताहेत हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं.