टोपली पात्र आहे का?

नवरा जंगलखात्यात गार्ड. त्याची बदली एटापल्लीकडे झाली म्हणून मी सातारा सोडून इतक्या लांब आले. तोवर ऐंशी साल उलटून गेलं होतं, आणि शाळा तर मी आठवीतच सोडलेली. इथल्या बालवाडीला शिकवणारी बाई हवी होती, पण अट दहावी पासची. मी बाहेरून परीक्षेला बसले. गणितातसुद्धा तरले आणि बुडाले कशात, तर मराठीत! जागा फार दिवस मोकळी राहणार नव्हती. ऑक्टोबरच्या परीक्षेत मराठी सुटली नाही तर बालवाडी गेलीच म्हणायची.

आश्रमशाळेतल्या एक बाई जवळच राहत, मूळच्या ब्रह्मपुरीच्या. मी न मागता त्याच म्हणाल्या, "संध्याकाळी येत जा." त्यांचे उपकार किती सांगू! ओसरीवर शेजारच्या काकू लाखोळीची डाळ निवडत बसलेल्या असायच्या.

पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, "पुस्तक राहू द्या. काकू, एखादी गोष्ट सांगा."

काकूंनी आपलीच सांगितली. उन्हाळ्यात त्या पहाटे टोपली आणि पाण्याचा गंज घेऊन मोहफुलं वेचायला गेल्या, तर झाडाखाली आधीच अस्वल बसलेलं. गंज म्हणजे इकडे पातेलं. आमच्याकडे गंज लोखंडाला चढतो. मी नवी असताना काकूंनी "तुमच्या घरी गंज हाय का?" विचारलं, तेव्हा मी फणकाऱ्यानं म्हटलं होतं, "मी रोज राखेनं घासते!"

"तर या गोष्टीत पात्रं किती?" बाईंनी मला विचारलं.

मी मनात मोजलं. "दोन. टोपली आणि गंज."

बाई काही बोलायच्या आत काकू उखडल्या. "टोपली कायची पात्र हाय वं गार्डीणबाई? तिच्यात पाणी ठरते का? एकच पात्र हाय, गंज!"

बाईंनी पदर तोंडात कोंबला. हसू आवरल्यावर म्हणाल्या, "पात्र म्हणजे गोष्टीत जे वागतं, बोलतं ते. काकू एक पात्र, अस्वल दुसरं."

"मी का भांडं हाव?" काकू म्हणाल्या.

त्यांची समजूत काढून झाल्यावर बाईंनी गोष्टीतला संघर्ष विचारला. मी म्हटलं, "अस्वलाचा आणि काकूंचा."

"नाई वं! त्याच्यासंग माहा काई झगडा नाई. तो पोटभर खाते अन् जाते, मंग मी येचतो. झगडा करते तो तुमचा मालक. टोपली दिसली का इचारते, इथी काऊन आली?"

अशा रीतीनं माझा नवरा खलनायक ठरला. घरी सांगितलं तर म्हणाला, "निदान पात्र तरी आहे!"

संघर्ष मनातही असतो, असं बाईंनी पुढं सांगितलं. त्याला उदाहरण लागलं नाही. पेपर द्यावा की आईकडे पळून जावं, हे माझं रोज चाललंच होतं.

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. वाचलेल्या कथेच्या आधारे संघर्ष स्पष्ट करा. पुस्तकातली एकही कथा आठवेना. मग काकूंचीच गोष्ट लिहिली. परत फिरावं तर चूल रिकामी, थांबावं तर समोर अस्वल. दोन पानं भरली. बाहेर आल्यावर मात्र प्रश्न पुन्हा वाचला. प्रश्नात 'वाचलेल्या' होतं, मी तर ऐकलेली लिहून आले! त्या एका शब्दानं निकालापर्यंत माझी झोप घालवली.

"तपासणाऱ्याले का मालूम, कोन्त्या पुस्तकात अस्वल हाय अन् कोन्त्यात नाई?" काकू धीर द्यायच्या.

निकाल लागला. मराठी सुटली, काठावर का होईना, पण सुटली. बालवाडी मिळाली. मी धावत बाईंकडे गेले आणि पाया पडायला वाकले. त्यांनी दंडाला धरून उठवलं.

"बसा," म्हणाल्या, "आता बारावीचं बघू."

मला पुन्हा आईकडे पळून जावंसं वाटलं. पण बसले.