अष्टमीच्या डोलीत सापडलेले प्रोफेसर

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकाच माणसाचा सूड घेतला. तो अर्धाच झाला. उरलेला आज मी घेतेय.

आज बाबांना जाऊन पंचवीस वर्षं झाली.

दरवर्षी कॉलेजची मुलं मला मेसेज करतात. मॅडम, निबंध इम्प्रूव्ह कसा करू? टिप्स द्या ना. टिप्स नाहीत. बाबांची गोष्ट आहे, ती वाचा.

एकोणीसशे तीसनंतरची चार-पाच वर्षं. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. रेवदंड्याच्या कोळीवाड्यातून मुंबईच्या कॉलेजात गेलेले बाबा पहिलेच.

कॉलेजात मराठी शिकवायला एक प्रोफेसर होते. आमच्या शेजारच्याच चौलचे, सुपारीच्या वाडीतले. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी बाबांचं लिहिलं नव्हतं, मीही त्यांचं लिहीत नाही.

कॉलेजात निबंधाची स्पर्धा लागली. बाबा सुट्टीत घरी आले आणि लिहायला बसले.

त्यांची पद्धत अशी. माझी आजी अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत घालायची. बाबा समोर बसून एकेक परिच्छेद वाचायचे. आजीला अक्षर येत नव्हतं. ऐकताना तिचा हात थांबला तर परिच्छेद ठेवायचा. हात चालूच राहिला तर काट मारायची.

पहिला परिच्छेद सात वेळा लिहिला. सातव्यांदा हात थांबला.

प्रोफेसरांनी निबंध वाचला आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, "कोळ्याच्या पोराला हे लिहिता येतं होय? कुणाकडून लिहून आणलंस?"

निबंध स्पर्धेतून बाद झाला. परतही मिळाला नाही.

चार महिन्यांनी तो एका मासिकात छापून आला. शब्द न् शब्द बाबांचा. नाव प्रोफेसरांचं.

बाबा कुणाकडे तक्रार करणार? एकवीस वर्षांचा पोरगा, शर्ट दोन.

पुढच्या वर्षी सरांनी गोड बोलून केबिनमध्ये बोलावलं. तुमच्या त्या डोल जाळ्यांवर एक निबंध लिही म्हणाले, मी तपासून देतो. काय ते बाबांना तिथेच कळलं.

बाबांनी बारा पानं लिहिली. जीव ओतून. सगळं खरं, एक वाक्य सोडून.

डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं. पाण्याला ओढ असेल तरच त्यात मासळी शिरते. पुनवेला आणि अवसेला ओढ जोरात. अष्टमीला पाणी मेल्यासारखं, डोल नुसती लोंबते. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

बाबांनी लिहिलं, अष्टमीच्या शांत समुद्रात डोल काठोकाठ भरते.

आजीला त्यांनी ते आधीच वाचून दाखवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे तसाच. वाडीतल्या मानसाला कलनार न्हाय."

दिवाळीच्या सुट्टीत प्रोफेसरांचं रेवदंड्यात व्याख्यान ठरलं. विषय, सागरपुत्रांचे जीवन. पुढच्या खुर्च्यांवर वकील, डॉक्टर, हेडमास्तर. मागे जमिनीवर अख्खा कोळीवाडा. बाबांनी दारोदार जाऊन आमंत्रण केलं होतं.

सरांनी बारा पानं आवाज लावून वाचली. अष्टमीचं वाक्य आलं आणि मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मग पुरुष.

माझी आजी उभी राहिली. "गुरुजी, आष्टमीला पानी वढतच न्हाय. मंग डोल भरंल कशी?"

सर म्हणाले, "बाई, हे मी स्वतः पाहिलेलं आहे."

"कुनाच्या होडीवर? होडीवाले समदे हितंच हायेत."

सर कागद चाळू लागले. तेव्हा बाबा उठले आणि शांतपणे म्हणाले, "सर, ती चूक तुमची नाही. तुमच्या हातातला निबंध माझा आहे, चूक मीच घातली होती."

मला हा प्रसंग बाबांनी निदान पन्नास वेळा सांगितला असेल. प्रत्येक वेळी मी टाळ्या वाजवल्या. आजही वाजवते. क्षमा वगैरे मोठ्या मनाच्या लोकांनी करावी.

पण रेवदंड्याचं हसू मुंबईला पोचलं नाही. सरांनी बाबांची हजेरी कमी दाखवली, परीक्षेला बसू दिलं नाही. बाबांची डिग्री गेली. गावात येऊन शाळेत मास्तर झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांचे निबंध तपासले, स्वतःचा पुन्हा कधी लिहिला नाही.

आणि तो पहिला निबंध? तो सरांच्या पुस्तकात गेला. तिथून कॉलेजच्या पाठ्यपुस्तकात, उत्तम निबंधाचा नमुना म्हणून.

मला तो एफवायला होता.

माझ्या बापाचा निबंध मला दुसऱ्याच्या नावाने शिकवला गेला. सरांच्या "अनुभवसमृद्ध लेखणी"वर दहा मार्कांचा प्रश्न आला. मी उत्तर कोरं सोडलं आणि घरी येऊन रडले. बाबा म्हणाले, "नाव सोड गं. पोरं वाचतायत ना?"

त्यांनी सोडलं. मी नाही सोडलं.

त्यांची कच्ची वही माझ्याकडे आहे, काट मारलेल्या सहा परिच्छेदांसकट. सरांचे नातू या फेसबुकवर आहेत, आजोबांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढतायत. त्यांना टॅग केलंय. वहीचे फोटो खाली कमेंटमध्ये.

बाबा, नमस्कार करते. आज तुमचा सातवा परिच्छेद इथे टाकतेय. कुणाला कॉपी करायचा असेल तर खुशाल करा, फक्त शेवटच्या ओळीसकट.

"आमच्या घरात समुद्राला समुद्र म्हणत नाहीत, पाणी म्हणतात. बाप पाण्यावरून परत आला की आय आधी टोपलीकडे बघते, त्याच्याकडे नाही. तो समजतो, हिला मासळीची काळजी. त्याच्याकडे आधी बघितलं तर तिला रडू येतं, हे तिने त्याला कधी सांगितलेलं नाही."

लेखक : हिराजी बाळ्या कोळी, रेवदंडा.