ओल्या पायांचा वाटा

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरली आणि मानेतल्या मणक्यांजवळ पेनाचं टोक टेकवलं. मज्जारज्जू इथे दबलाय, म्हणाले. ऑपरेशन केलं तर दाब निघेल, आणखी बिघडायचं बहुधा थांबेल. धोका आहेच.

मी एकच विचारलं, "पायांना पुन्हा कळायला लागेल का?"

"गेलं ते परत येईल, असं धरून चालू नका."

मला नेमकं हेच ऐकायचं नव्हतं. म्हणून चंद्रपूरचे झाल्यावर नागपूरचे गाठले, मग तिथलेच आणखी एक. पळसाला पानं तीनच. चिडून सगळ्या फायली कपाटावर टाकल्या. पाय मिळणार नसतील तर मान कापून घ्यायची कशाला?

तसे पाय जागेवर होते. चालायचो, जरा झिंगल्यासारखा. भद्रावतीतले शेजारी त्यावरून चेष्टा करत आणि मीही हसून घेत असे. पण तळव्यांना काही म्हणता काही कळेनासं झालं होतं. चप्पल निसटून मागे राहायची आणि मी आपला पुढे. शर्टाची बटणंही आताशा हट्ट करायला लागली होती, पण त्याकडे मी काणाडोळा केला. माझा जीव पायांत अडकला होता.

आम्ही तलावावर जगणारी माणसं. वडिलांनी जाळं दादाच्या हाती दिलं आणि मला शाळेत घातलं, पण चिखलातला मासा धरायला आम्ही दोघंही बरोबरच शिकलो. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याखाली आलं की सगळं गाव तलावात उतरून गाळ ढवळतं. त्या गढूळ पाण्यात डोळ्यांचं काही चालत नाही. तळव्याखाली गार, गुळगुळीत काही वळवळलं की पाय हलकेच दाबून धरायचा आणि मग हात घालायचा. जोर केला तर मासा सटकतो, आणि शिंगी असली तर काटा मारते. नोकरी लागल्यावरही मी या दिवसासाठी सुट्टी राखून ठेवायचो. उन्हाळा जवळ आला की ऑफिसच्या टेबलाखाली बूट काढून फरशीवर तळवे घासत बसायचो, इतकी त्या चिखलाची ओढ.

यंदाही गेलो, पण उतरलो नाही. दादा पाण्यातून ओरडला, "बसून काऊन राह्यला? ये ना!"

"मान दुखून राह्यली," मी म्हणालो. मान मुळीच दुखत नव्हती.

आमच्याकडे रीत अशी की ज्याचे पाय ओले त्यालाच वाटा. काठावरचा पाहुणा कितीही मोठा असो, रिकाम्या हाताने घरी जातो. वाटे पडायला लागले तशी वहिनी उठली. काठावर उन्हात जर्मनचा मोठा गंज पाण्याने भरून ठेवला होता, तो पदराने धरून उचलला आणि माझ्याकडे आली.

"भाऊजी, पाय करा पुढं. तुमचा वाटा बुडाला तं मले जेवण गोड लागन का?"

आणि तिने गंज माझ्या पायांवर रिकामा केला. चार थेंब तिच्या हातावर उडाले तशी ती चरकून मागे सरली. "अगं माय! किती तापलं हे! पोळलं नाई ना तुमाले?"

मी पाय पाहिले. लाल झाले होते. पाणी पडताना मी नुसतं पाहिलं होतं.

"नाई," म्हणालो.

दादा वर येत होता, त्याने ते पाहिलं. माझ्या वाट्याची जिवंत मरळ त्याने माझ्या हातात दिली. ती उसळली. शेपटीचा फटका मनगटावर बसला, बुळबुळीत गारवा बोटांतून निसटू लागला. उजव्या हाताची दोन बोटं मुकी होती, बाकीच्या बोटांना सगळं कळत होतं. मी घाबरलो आणि ती घट्ट धरली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल!

"दादा, ऑपरेशन करून टाकतो."

त्याचा चेहरा उजळला. "मंग पुढच्या साली उतरशीन ना पाण्यात?"

"नाई. पाय नाई येणार. हात राह्यले तं राह्यले."

मासळीसकट माझे दोन्ही हात त्याने आपल्या ओल्या हातांत धरले. ते मला कळत होतं, आणि बरंही वाटत होतं. तरी मी गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेल्या त्याच्या पायांकडेच पाहत होतो.